एक्समसमधला एक्स ‘क्ष’ नव्हे, ‘ख’ आहे

वसईच्या एका मुलीने विचारलेला प्रश्न आधी सांगते. डिसेंबरात तिच्या सोसायटीच्या फाटकावर फलक लागला. त्यावर लाल रोमन अक्षरांत ‘मेरी एक्समस’ (Merry Xmas) लिहिलेलं होतं. सकाळच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परतताना तिच्या आजोबांनी ते वाचलं आणि घरी येऊन म्हणाले, “ज्याचा जन्मदिवस, त्याच्याच नावावर फुली मारलीये.” त्या दिवशी त्यांचं जेवणातही लक्ष नव्हतं. मुलगी विचारते: हा एक्स आला कुठून? ख्रिस्ताचं नाव काढून टाकण्यासाठीच तो घातला का? आणि आम्ही तो लिहावा की लिहू नये?

मी २६ वर्षं सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातल्या, विद्यार्थ्यांना बायबलच्या नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवते आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर नाताळाला कुणी ना कुणी आणतंच. उत्तर असं, की कुणीही फुली मारलेली नाही. तो एक्स इंग्रजी वर्णमालेतला नाहीच. ते ‘खी’ नावाचं ग्रीक अक्षर आहे, आणि ‘ख्रिस्तोस’ या ग्रीक शब्दाचं ते पहिलं अक्षर. म्हणजे फलकावर ख्रिस्ताचं नाव होतं. फक्त ते आद्याक्षराने लिहिलेलं होतं, जसं आपण ‘डॉ.’ किंवा ‘कै.’ लिहितो तसं.

पण एवढ्यावर थांबले, तर आजोबांच्या दुखण्याला उत्तर मिळणार नाही. त्यांना जे वाटलं ते उगाच वाटलेलं नाही.

दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर हे एकच चिन्ह काढते आणि विचारते, हे काय आहे? कुणी ‘फुली’ म्हणतं, कुणी ‘चूक’, कुणी ‘गुणिले’. बीजगणित आठवणारे ‘क्ष’ म्हणतात. या चिन्हाला ‘ख’ म्हणणारं आजवर एकही कुणी भेटलेलं नाही. साहजिकच आहे. मराठी माणसाच्या डोळ्यांना या चिन्हाची सवय लागते ती शाळेच्या वहीतल्या लाल शाईतून आणि फुली-गोळ्याच्या खेळातून. ‘त्या नावावर फुली मार’ म्हणजे ते नाव बाद कर, हे वेगळं शिकवावं लागत नाही. पुढे बीजगणितात एक्सचा ‘क्ष’ होतो. देकार्तने १६३७मध्ये अज्ञात राशींसाठी वर्णमालेच्या शेवटची अक्षरं वापरली, ती प्रथा रुळली. १८९५मध्ये राँटगेनला नवे किरण सापडले, त्यांचं स्वरूप कळेना, म्हणून त्यानेही तेच अक्षर घेतलं, आणि आपण त्यांना क्ष-किरण म्हणू लागलो. तेव्हा आपल्याकडे हे चिन्ह एक तर ‘बाद’ सांगतं, नाही तर ‘कोण जाणे’ सांगतं. अशा डोळ्यांनी एक्समस वाचला की अर्थ निघतो तो ‘कुणा तरी अज्ञाताचा सण’. आजोबांना नेमकं हेच लागलं.

एकाच चिन्हाचे दोन उच्चार कसे झाले, हे मला फार आवडणारं प्रकरण आहे, म्हणून जरा थांबते. प्राचीन ग्रीसमध्ये सगळीकडे एकच वर्णमाला नव्हती, गावोगावी थोडा फरक होता. पूर्वेकडच्या आयोनियन ग्रीकांत या फुलीसारख्या चिन्हाचा उच्चार ‘ख’ होता, पश्चिमेकडच्या युबिया बेटावरच्या ग्रीकांत ‘क्स’. अथेन्सने इ.स.पू. ४०३मध्ये आयोनियन वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली आणि पुढे सगळ्या ग्रीक जगात तीच रुजली, म्हणून नव्या करारातही हे अक्षर ‘ख’ आहे. पण त्याआधीच युबियाचे लोक इटलीच्या किनाऱ्यावर वस्ती करून राहिले होते. त्यांची अक्षरं एट्रुस्कन लोकांनी घेतली, त्यांच्याकडून रोमनांनी. त्यामुळे लॅटिनमध्ये आणि तिथून इंग्रजीत ते अक्षर ‘क्स’ होऊन बसलं. आकार तोच राहिला आणि उच्चार दोन झाले. एक्समसचा सगळा घोळ या फाट्यावर सुरू होतो: लिहिणाऱ्याने ‘ख’ लिहिलं, वाचणाऱ्याने ‘क्स’ वाचलं.

जुन्या ग्रीकमध्ये हा ‘ख’ अगदी आपल्या खडूतल्या ‘ख’सारखा महाप्राण होता. लॅटिनमध्ये त्यासाठी अक्षर नव्हतं, म्हणून त्यांनी ‘क’च्या पुढे ‘ह’ जोडून वेळ निभावली. इंग्रजी स्पेलिंगमधला तो मुका एच तिथून आलाय. इंग्रज आज ‘क्राइस्ट’ म्हणतो, पोर्तुगीज ‘क्रिश्तु’ म्हणतो, गोव्यात ‘किरिस्तांव’ झालं, आणि मराठीने मात्र ‘ख्रिस्त’ लिहिलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून सबंध बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. त्यांचं ते काम आठवलं की मला वाटतं, मराठी माणसाला खी हे अक्षर समजावून सांगावं लागू नये. ते आपल्या ‘ख्रिस्त’ शब्दाच्या तोंडाशी आहेच.

आता ‘ख्रिस्तोस’चा अर्थ. हे आडनाव नाही. ग्रीकमध्ये ‘ख्रिओ’ म्हणजे तेल लावणं, माखणं. ख्रिस्तोस म्हणजे तेलाने अभिषेक झालेला, अभिषिक्त. हिब्रूतल्या ‘मशीह’ या शब्दाचा हा सरळ अनुवाद आहे. बाप्तिस्मा आणि दृढीकरण या ख्रिस्ती संस्कारांत जे पवित्र तेल लावतात, त्याचं ‘क्रिझम’ हे नावही याच धातूतून आलंय. आणि शेवटचा ‘मस’ म्हणजे मिस्सा. इंग्रजीत ११व्या शतकात ‘क्रिस्तेस मॅसे’ असा शब्द सापडतो: ख्रिस्ताची मिस्सा. वसईच्या आजोबांना हे सांगायला हरकत नाही, की ज्या मिस्सेहून ते परत येत होते, तीच त्या फलकावरच्या शब्दाच्या शेवटी बसलेली होती.

नाव आद्याक्षराने लिहिण्याची प्रथा किती जुनी? ख्रिस्ती लेखनाचे जे सगळ्यात जुने तुकडे आपल्या हाती आहेत, जवळपास तितकीच. इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसवर लिहिलेली जुनी हस्तलिखितं टिकली. त्यांतलं नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांचं एक, सुमारे इ.स. २००चं, आज दोन ठिकाणी विभागलेलं आहे. ५६ पानं डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आणि ३० पानं अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात. ते उघडून पाहिलं तर ‘देव’, ‘प्रभू’, ‘येशू’, ‘ख्रिस्त’ हे शब्द पूर्ण लिहिलेले दिसत नाहीत. दोन-तीन अक्षरं लिहून त्यांच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढलेली असते. चौथ्या शतकातल्या सिनाय कोडेक्स या बायबलच्या हस्तलिखितातही तेच. लुडविग त्राउबे या जर्मन अभ्यासकाने १९०७मध्ये या पद्धतीला ‘नोमिना साक्रा’, म्हणजे पवित्र नामं, असं नाव दिलं, आणि तेच आजही चालतं.

विद्यार्थी लगेच म्हणतात, “मॅडम, पपायरस महाग होता, जागा वाचवत असतील.” मलाही आधी तसंच वाटायचं. पण पानं प्रत्यक्ष वाचायला लागलं की ते पटेनासं होतं. जागा वाचवायची असती तर लांबलचक क्रियापदं आणि पुन्हापुन्हा येणारे जोडशब्द आधी तोडले असते. ते सगळे पूर्ण लिहिलेले आहेत. तोडलंय ते फक्त पवित्र नाव, आणि शिवाय वर रेघ ओढून वाचणाऱ्याला सांगितलंय की इथे सावकाश हो. ‘देव’ या अर्थाचा ग्रीक शब्द मुळात चार अक्षरांचा, त्यातली दोन अक्षरं वाचवून किती जागा वाचणार?

यामागे ज्यू परंपरेची सावली आहे, असं बहुतेक अभ्यासकांना वाटतं आणि मलाही वाटतं. ज्यू लोक देवाचं चार अक्षरी नाव उच्चारत नसत. त्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, असं वाचत. काही जुन्या ग्रीक गुंडाळ्यांत तर सगळा मजकूर ग्रीक आणि मधेच तेवढं एक नाव प्राचीन हिब्रू लिपीत लिहिलेलं आढळतं. डोळ्याने ओळखायचं, जिभेवर आणायचं नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचं नाव तोंडाने न घेण्याची रीत अगदी परवापरवापर्यंत होती. नाव टाळणं हा तिथे मान होता, हे मराठी घरात वाढलेल्याला वेगळं समजवायला नको. जुन्या पत्रांत ‘राजमान्य राजेश्री’ हे ‘रा. रा.’ होतं, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे ‘सा. न. वि. वि.’ होतं, आणि लग्नपत्रिकेत आजही ‘चि. सौ. कां.’ छापतात. यांतल्या एकाही लघुरूपाने मान कमी होत नाही. उलट ‘चि.’ आणि ‘श्री.’ गाळले, तर नातेवाईक रुसतात.

आता रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनबद्दल थोडक्यात, कारण ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. २८ ऑक्टोबर ३१२ या दिवशी रोमजवळच्या मिल्वियन पुलापाशी त्याची लढाई झाली. तिच्याआधी त्याला ख्रिस्ताचं चिन्ह दिसलं, असं लॅक्टँटियस आणि युसेबियस हे त्याच्या काळातले दोन ख्रिस्ती लेखक सांगतात. दोघांच्या हकिकती जुळत नाहीत: एकात स्वप्न आहे आणि ढालींवरचं चिन्ह, दुसऱ्यात आकाशातलं दर्शन आणि निशाण. पुढे साम्राज्यभर पसरलं ते खी आणि ऱ्हो ही ‘ख्रिस्तोस’ची पहिली दोन अक्षरं एकमेकांत गुंतवलेलं चिन्ह. ऱ्हो दिसतो रोमन ‘पी’सारखा, म्हणून आपल्याकडे वेदीवरच्या कापडावर ते पाहून मुलं ‘पी एक्स’ वाचतात. ३१५च्या एका चांदीच्या पदकावर कॉन्स्टंटाइनच्या शिरस्त्राणावर ते दिसतं. मात्र खीमध्ये क्रूस पाहणारे लोक त्याच्या कितीतरी आधी होते. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय, की प्लेटोने विश्वाच्या रचनेत जो खीचा आकार सांगितला तो खरं तर क्रूसाकडे बोट दाखवतो. ज्या आकारात आपल्याला आज फुली दिसते, त्यात त्या माणसाला वधस्तंभ दिसला.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण तो एक्समसच्या बाजूने बोलणारे पसरवतात. खी हे छळाच्या काळातलं गुप्त चिन्ह होतं, असं सांगितलं जातं. पण हस्तलिखितांतल्या या लघुरूपांत लपवण्यासारखं काही नव्हतं. बाकी सगळा मजकूर उघड ख्रिस्ती आणि आजूबाजूचे शब्द पूर्ण, तिथे दोन अक्षरांनी काय लपणार? आपली बाजू खरी असली तरी तिच्यासाठी खोटा आधार घेऊ नये.

आता ज्या पानासाठी मी हे उत्तर लिहायला बसले, ते पान. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ‘केल्सचं पुस्तक’ आहे. इ.स. ८००च्या आसपास आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या मठवासी भिक्षूंनी लिहिलेली, चित्रांनी मढवलेली चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं जीवन सांगणारी नव्या करारातली पुस्तकं. वासराच्या कातड्याची ३४० पानं. मत्तयाच्या शुभवर्तमानात आधी येशूची वंशावळ येते: अमक्यापासून तमका झाला, त्याच्यापासून फलाणा. ती संपली की १८वं वचन सुरू होतं. लॅटिनमध्ये ते ‘क्रिस्ती आउतेम गेनेरात्सियो’ असं आहे, म्हणजे ‘आता ख्रिस्ताचा जन्म असा झाला’. नाताळची गोष्ट इथे सुरू होते. ३४व्या पानाच्या दर्शनी बाजूला केल्सच्या चित्रकाराने हे वचन मांडलं आहे, आणि ‘ख्रिस्ताचा’ हा शब्द त्याने पूर्ण लिहिलेला नाही. खी, ऱ्हो, इओटा अशी तीन अक्षरं काढलीत. त्यांतल्या खीने जवळजवळ सबंध पान व्यापलंय. तिची एक भुजा झोकदार वळून डाव्या तळाशी उतरते. आत वेलबुट्टी, चक्रांत चक्रं, नजर ठरत नाही इतकं बारीक काम. भुजेला टेकून देवदूत आहेत, वर पतंग आहेत. तळाशी मांजरं बसलीत आणि त्यांच्यासमोर उंदीर एक गोल पोळी कुरतडताहेत, बहुधा मिस्सेतली भाकर. जवळच तोंडात मासा धरलेलं पाणमांजर आहे. ऱ्होचा बाक जिथे संपतो तिथे माणसाचं डोकं आहे. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, अगदी लहान अक्षरांत, ‘जन्म’ हा शब्द. मधला ‘आउतेम’ तर एका एच-सारख्या खुणेवर भागवलाय.

आता सांगा, यात काटकसर कुठे आहे? एका वासराच्या कातड्याचा एवढा मोठा तुकडा घेतला, कित्येक आठवडे डोळे शिणवले आणि लिहिले जेमतेम तीन शब्द. ख्रिस्ताचं नाव लघुरूपात लिहिण्यामागे त्याला लहान करण्याची भावना असती, तर हे पान जन्मलंच नसतं. जगातला हा सगळ्यात देखणा एक्स ख्रिस्तजन्माच्या वाक्याच्या पहिल्या अक्षराच्या जागी उभा आहे. मी हे पान वर्गात दाखवते तेव्हा थोडा वेळ कुणी बोलत नाही.

त्याच मठांच्या परंपरेतून ही सवय इंग्रजी लेखनात उतरली. लॅटिन लिहिणारे लेखनिक ख्रिस्ताचं नाव एक्स-पी असं लिहीत. तीच माणसं जुनी इंग्रजी लिहायला बसली की हात तसाच चाले. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या वर्षवार नोंदींच्या ग्रंथात सुमारे ११००च्या सुमाराला नाताळचा शब्द एक्स-पी लावून लिहिलेला सापडतो. १५५१च्या एका पत्रात ‘एक्स’टेमस’ असं रूप आहे. पुढे पी गळाला आणि एकटा एक्स उरला. कोलरिजने १८०१मधल्या पत्रात, बायरनने १८११मध्ये, लुईस कॅरलने १८६४मध्ये, अशा नामवंत इंग्रज साहित्यिकांनी हाच शब्द लिहिला, आणि लिहिताना त्यांना तो कुठेच खटकला नाही. कोलंबसची सहीसुद्धा पाहण्यासारखी आहे. क्रिस्तोफोरो म्हणजे ख्रिस्ताला वाहून नेणारा. तो शेवटच्या ओळीत ‘एक्स-पी-ओ फेरेन्स’ अशी सही करी: पहिला भाग ग्रीक लघुरूप, दुसरा लॅटिन शब्द.

वर्गात एकदा इलेक्ट्रॉनिक्सची दुकानदारी सोडून आलेला एक विद्यार्थी होता. तो म्हणाला, सर्किटच्या पाटीवर क्वार्ट्झ क्रिस्टलशेजारी ‘एक्सटाल’ छापलेलं असतं, ते हेच का? हो, तिथेही ही सवयच गेली आहे. इंग्रजीत ‘ख्रिस’सारखा आवाज आला की एक्स लिहायचा, एवढंच उरलं. मात्र ग्रीकमध्ये स्फटिकाचा ‘क्रुस्टालोस’ साध्या ‘क’ने सुरू होतो, त्यामुळे तो एक्स अक्षराचा नव्हे, नुसत्या आवाजाच्या साम्याचा. हे त्याने लगेच वहीत टिपून घेतलं, आणि मला शिक्षक असल्याचं समाधान मिळालं.

तक्रार सुरू झाली ती ग्रीक अक्षरांची ओळख सुटल्यावर. शाळा-कॉलेजांतून ग्रीक मागे पडलं, दुकानांच्या जाहिरातींत एक्समस सेल आले, आणि सामान्य वाचकाला एक्समध्ये फक्त एक्स दिसू लागला. १९७७च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याचे गव्हर्नर मेल्ड्रिम थॉमसन यांनी पत्रकारांना जाहीर विनंती केली, की एक्समस लिहू नका, ते मूर्तिपूजकांचं स्पेलिंग आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिकाही एक्समस वापरू नका असं सांगते. थॉमसन यांची माहिती चुकीची होती, पण त्यांची कळकळ खोटी होती असं मी म्हणणार नाही.

कारण तेच मीही केलेलं आहे. ग्रीक शिकायच्या आधी मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत असे. एका नाताळाला आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने मला स्वतः रंगवलेलं कार्ड दिलं. त्यावर ‘हॅपी एक्समस’ लिहिलेलं. मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, की प्रभूचं नाव असं कापायचं नसतं, आणि पूर्ण शब्द पुन्हा लिहायला लावला. तिने निमूटपणे लिहिलं. दोन वर्षांनी ग्रीकच्या पहिल्या धड्यात खी समोर आली, आणि मला त्या मुलीचा चेहरा आठवला. तोपर्यंत तिचं कुटुंब दुसऱ्या गावी गेलं होतं. म्हणून हा विषय निघाला की मी सविस्तर बोलते.

याच जातीची एक चूक गोव्यात दगडावर पाहायला मिळते. चूक कोरणाऱ्याची नाही, वाचणाऱ्यांची. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं बॅसिलिका १६०५मध्ये पूर्ण झालं. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव तिथे आहे, म्हणून सगळे जातात. पुन्हा गेलात तर दर्शनी भिंतीच्या वरच्या भागात कोरलेली ‘आय-एच-एस’ ही अक्षरं नक्की पाहा. जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाचं ते बोधचिन्ह. पाहणारे त्याचा अर्थ ‘येशू, मानवजातीचा तारणहार’ अशा लॅटिन शब्दांची आद्याक्षरं असा सांगतात. पण मुळात ती ‘इएसूस’ या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं आहेत: इओटा, एटा, सिग्मा. मधलं एटा हे ‘ए’ आहे. ते दिसतं रोमन एचसारखं, म्हणून युरोपातल्या लेखनिकांनी त्याला ‘ह’ समजून मध्ययुगात येशूचं नावच ‘इहेसूस’ असं लिहायला सुरुवात केली. तिथे एटाचा ‘ह’ झाला, इथे खीचा ‘क्स’ झाला. आय-एच-एस पाहून मात्र कुणी दुखावत नाही.

आता आपल्या मराठीकडे या. आपण या सणाला नाताळ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘नातालिस’ आहे, म्हणजे जन्माचा. १४९७च्या नाताळात वास्को द गामाचं जहाज आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून गेलं, त्याला त्याने नाताल हेच नाव दिलं. नीट पाहिलं तर ‘नाताळ’मध्ये ख्रिस्ताचं नाव अजिबात नाही, आद्याक्षरही नाही. नुसता जन्म आहे. कुणाचा जन्म ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. तरी आजोबांना नाताळ हा शब्द कधी टोचला नसेल, कारण तो त्यांच्या आजीच्या तोंडचा आहे. आणि वर्षाच्या आकड्याआधी आपण जे ‘इ.स.’ लिहितो, त्यातला ‘इ’ म्हणजे इसवी, इसाचा, म्हणजे अरबीतल्या येशूचा. मराठी शाळेतली मुलं सनावळ्या पाठ करताना दर वेळी येशूचं नाव एका अक्षराने लिहितात.

उरला प्रश्न, लिहावं की नाही. रोमन लिपीत एक्समस लिहायला माझी काही हरकत नाही, फक्त वाचताना ‘ख्रिसमस’ वाचावं. ‘चि. सौ. कां.’ आपण ‘चिसौकां’ असं वाचत नाही ना, तसंच. देवनागरीत मात्र ‘एक्समस’ लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रोमन लिपीत निदान त्या चिन्हात खी शिल्लक असते, ओळखणाऱ्याला ओळखता येते. देवनागरीत ‘एक्स’ लिहिलं की चिन्ह जातं आणि चुकीचा उच्चार तेवढा उरतो. मग त्यात ख्रिस्त खरोखरच कुठे राहत नाही. इथे आजोबांचं म्हणणं पूर्ण बरोबर ठरतं. मराठीत ‘नाताळ’ लिहा, ‘ख्रिसमस’ लिहा, दोन्ही सुरेख आहेत. उपासनेच्या पत्रिकेत, चर्चच्या फलकावर, कुणाच्या दुखवट्याच्या वर्षी पाठवायच्या कार्डावर मी कोणत्याही लिपीत पूर्ण शब्दच लिहिते. समोरच्याला खी ठाऊक असेलच असं नाही, आणि सणाच्या दिवशी व्युत्पत्ती समजावत बसण्यापेक्षा चार अक्षरं जास्त लिहिलेली बरी.

सोसायटीच्या फलकाबद्दल सेक्रेटरींशी वाद घालू नका. ज्या मुलांनी तो रंगवला त्यांनी प्रेमाने रंगवला असणार. पुढच्या वर्षी रंग तुम्ही आणून द्या आणि त्याखाली मराठीत ‘नाताळच्या शुभेच्छा’ लिहा. आजोबांना मात्र हे उत्तर वाचून दाखवू नका, लांब आहे. त्यांच्याशेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसा. आधी ती फुली काढा. मग तिच्या मधोमध वरून खाली एक उभी रेघ ओढा आणि रेघेच्या डोक्याला उजवीकडे गोल बाक द्या. आणि त्यांना विचारा, की हे चिन्ह चर्चमध्ये वेदीच्या कापडावर किंवा फादरांच्या झग्यावर कधी पाहिलंय का.